वाइड शॉट सॉफ्ट येतो? आधी नेमकं कुठे सॉफ्ट आहे ते पाहा

क्लोजअप लख्ख, मिड शॉट बरा, आणि वाइड लावला की वावर, झाडं, माणसं सगळंच मऊ, म्हणजे अस्पष्ट. विदर्भात शूटिंग करणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे, मग ते लग्न असो, शंकरपट (बैलांची शर्यत) असो, शॉर्ट फिल्म असो की लोणारचा एखादा साधा फोटो. बहुतेक वेळा दोष लेन्सच्या माथी मारला जातो आणि नवी लेन्स विकत घेतली जाते. दोष लेन्सचा नसेल, तर नव्या लेन्सवरही वाइड तसाच येतो.

वाइड सॉफ्ट येण्यामागे सात-आठ वेगवेगळी कारणं असतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा असतो. ती ओळखायची खूण फ्रेममध्येच असते. म्हणून उपायाला हात घालण्याआधी एवढं करा: मूळ फाइल कॉम्प्युटरवर घ्या, १०० टक्क्यांवर उघडा आणि कॅमेरा स्थिर असलेल्या फ्रेमवर थांबवा. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर, मोबाइलवर किंवा एडिटिंगच्या प्रॉक्सीवर (कमी रिझोल्यूशनच्या हलक्या प्रतीवर) निदान करू नका. प्रीव्ह्यू हाफ किंवा क्वार्टरवर ठेवून सॉफ्टपणा शोधत बसणारे पुष्कळ आहेत. ते सेटिंग आधी फुल करा, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

आता पाहा. फक्त दूरचं सॉफ्ट आहे का? फक्त कोपरे? एकच बाजू? सकाळचं ठीक आणि दुपारचं सॉफ्ट? झूम केलं की शार्प आणि वाइडला आलं की सॉफ्ट? की फक्त माणसांचे चेहरे? उत्तर मिळालं की पुढचं काम सोपं आहे.

फक्त चेहरे सॉफ्ट: हा दोष फोकसचा नाही

याचं गणित एकदा करून ठेवा, फार डोकेदुखी वाचते. फुल फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरचा) कॅमेरा, २४ मिमी लेन्स, ४के व्हिडिओ. धुऱ्यावर ५० मीटरवर साडेपाच फूट उंचीचा, म्हणजे सुमारे १.६५ मीटरचा माणूस उभा आहे. सेन्सरवर त्याची प्रतिमा जेमतेम ०.८ मिमी उंच पडते. ४केच्या हिशेबात हे झाले साधारण ८४ पिक्सेल. डोक्यापासून हनुवटीपर्यंत चेहऱ्याच्या वाट्याला ११ पिक्सेल येतात. फुल एचडीत तेच अर्धे, पाच-सहा पिक्सेल. एवढ्या पिक्सेलात डोळे, मिशी, कपाळावरचं कुंकू यातलं काहीच उमटत नाही, लेन्स कितीही महागाची असली तरी.

माणूस १५ मीटरवर आणा. तोच २८० पिक्सेल उंच होतो आणि चेहऱ्याला ३७ पिक्सेल मिळतात. भाव दिसू लागतो. वाइडमध्ये चेहरा वाचता यावा असं वाटत असेल, तर माणसाला कॅमेऱ्याजवळ आणायचं आणि वावर त्याच्या मागे पसरू द्यायचं. वावराच्या मधोमध माणूस उभा करून दूरच्या रस्त्यावरून वाइड घेतला, तर तो शॉट जागेचा होतो, माणसाचा होत नाही. तसा शॉट हवा असेल तर जरूर घ्या, फक्त चेहऱ्याच्या शार्पनेसची अपेक्षा त्यावर ठेवू नका.

लोणारच्या काठावर हे सगळ्यात जास्त जाणवतं. विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. २४ मिमीवर पलीकडच्या काठाचा एकेक पिक्सेल जवळपास ७० सेंटिमीटर जागा व्यापतो. पलीकडे उभा असलेला माणूस दोन-अडीच पिक्सेलांचा. तिथे झाडांची पानं दिसत नाहीत म्हणून लेन्स बदलण्यात अर्थ नाही. पलीकडचा काठ तपशिलात हवा असेल तर ७० ते १०० मिमीवर उभ्या फ्रेममध्ये सहा-सात फोटो एकमेकांवर तिसरा हिस्सा येईल असे काढा आणि पॅनोरमा जोडा. व्हिडिओत हा उपाय चालत नाही, तिथे शॉटच तोडून घ्यावा लागतो.

सिनेमावाल्यांनाही हीच अडचण होती. १९५४ साली पॅरामाउंटने व्हिस्टाव्हिजन आणलं, त्यात ३५ मिमीची फिल्म आडवी चालवून एकेका फ्रेमला दुपटीहून जास्त जागा दिली. मोठ्या पडद्यावर चित्र फुटू नये, विशेषतः वाइड, यासाठी केलेला तो खर्च होता. वाइडला जागा लागते, मग ती फिल्मची असो की पिक्सेलची.

फक्त दूरचं सॉफ्ट, जवळचं गवत मात्र शार्प

बहुतेक वेळा इथे हायपरफोकलचा तक्ता, म्हणजे किती अंतरावर फोकस केलं की अनंतापर्यंत शार्प येतं ते सांगणारा तक्ता, कारणीभूत असतो. २४ मिमी, अपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८, फुल फ्रेम असं घातलं की तक्ता सांगतो, २.४ मीटरवर फोकस करा, १.२ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं शार्प. हे खरं आहे, पण कोणत्या मापाने? तो तक्ता ०.०३ मिमीचा धूसर ठिपका ‘शार्प’ धरून बनवलेला आहे. लहान प्रिंट हातभर अंतरावरून पाहायच्या काळातलं ते माप आहे. आजच्या २४ मेगापिक्सेल फुल फ्रेम सेन्सरवर ०.०३ मिमी म्हणजे ५ पिक्सेल, ४के व्हिडिओत ३ पिक्सेल. म्हणजे तक्त्याप्रमाणे फोकस केलं की क्षितिजावरची सागाची रांग तीन पिक्सेलांनी पसरलेली येते, आणि ४३ इंची टीव्हीवर ती सॉफ्ट दिसतेच.

उपाय साधा आहे. त्याच २४ मिमी एफ/८ वर फोकस २.४ मीटरऐवजी १० मीटरवर ठेवा. आता ५ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं एका पिक्सेलच्या आत शार्प राहतं. दोन मीटरवरची पऱ्हाटी (कपाशीचं झाड) तीन पिक्सेलांनी सुटते, पण वाइडमध्ये नजर तिथे थांबत नाही. एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १६ मिमी आणि एफ/५.६ असेल, तरी हेच १० मीटर जवळपास जसंच्या तसं लागू पडतं. दहा मीटर म्हणजे मोठ्या माणसाची साधारण तेरा-चौदा पावलं. कोणाला तरी तेवढी पावलं चालायला सांगा, त्याच्या शर्टावर फोकस घ्या, मॅन्युअलवर टाका आणि रिंगवर टेपची पट्टी चिकटवा. एवढं केलं की दिवसभर फोकसला हात लावायचा नाही.

ऑटोफोकसवर वाइड सोडू नका. वाइडमध्ये कॅमेऱ्याला जवळचा ठळक तुकडा सापडतो, म्हणजे बाभळीची फांदी किंवा कुंपणाची तार, आणि तो तिथेच अडकतो. फोकस पीकिंगवरही (शार्प कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीवर) वाइडमध्ये भिस्त ठेवू नका. कमी रिझोल्यूशनच्या स्क्रीनवर बारीक तपशील दाटीने आला की पीकिंग सगळीकडेच रंग दाखवतं. लाइव्ह व्ह्यू मोठा करून, ५ किंवा १० पटीवर, दूरच्या एखाद्या उभ्या कडेवर फोकस बघा. विजेचा खांब किंवा देवळाचा कळस चांगला. झाडाचा शेंडा वाऱ्याने हलतो, तो घेऊ नका.

लेन्सवरच्या ∞ खुणेवर रिंग नेऊन ठेवणं ही दुसरी चूक. आजच्या बऱ्याच लेन्स त्या खुणेच्याही पुढे फिरतात. ४५ अंशांच्या उन्हात धातू आणि काच फुगते, त्याला जागा हवी म्हणून ती मोकळीक ठेवलेली असते. खूण म्हणजे अंदाज, खरा फोकस स्क्रीनवर.

फोकस बरोबर असूनही दूरचं सॉफ्ट असेल, तर मधली हवा बघा. इथे दोन वेगवेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या जातात. एक म्हणजे धूसर: धूळ, धूर, चंद्रपूर-कोराडीकडे औष्णिक केंद्रांची राख, आणि हंगाम संपल्यावर जाळलेल्या पऱ्हाट्या-तुराट्या. याने कडा पसरत नाहीत, कॉन्ट्रास्ट उडतो, आणि डोळ्याला ते सॉफ्टच वाटतं. यावर पोलरायझर चालतो, सूर्य बाजूला असेल तेव्हा सर्वात जास्त. तो सुमारे दीड स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). २४ मिमीपेक्षा रुंद लेन्सवर मात्र आकाशात गडद पट्टा उमटतो, तेव्हा शॉटमध्ये आकाश कमी ठेवा. एडिटमध्ये डीहेझ (धूसर कमी करणारा स्लायडर) १० ते २० पर्यंत ठीक, त्यापुढे आकाशात दाणे आणि झाडांभोवती काळपट कडा येतात. पहिला दमदार पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जी हवा मिळते, तिची बरोबरी कोणताही स्लायडर करत नाही.

दुसरी गोष्ट उन्हाची लहर. काळी माती ऊन शोषते, तिच्यावरची हवा तापून वर उठते, गरम आणि कमी गरम हवेचे थर प्रकाशाला वेगवेगळं वाकवतात. जमिनीलगत हे सगळ्यात जास्त. एप्रिल-मेमध्ये उघड्या वावरावर किंवा डांबरी रस्त्यावर सकाळी नऊनंतर ही लहर डोळ्यांनाही दिसते. एक भेद लक्षात ठेवा. २०० मिमीवर जेवढी लहर दिसते, तिच्या सुमारे आठव्या हिश्शाएवढीच २४ मिमीवर दिसते. म्हणून खऱ्या २४ मिमीच्या वाइडमध्ये लहर क्षितिजालगतच्या पट्टीतच त्रास देते. गाव दुरून दाखवायचं म्हणून अर्धा किलोमीटर मागे जाऊन १५०-२०० मिमीवर घेतलेला ‘वाइड’ मात्र पूर्ण हातचा जातो.

यावर एडिटमध्ये उपाय नाही. शार्पन केलं तर लहरच शार्प होते. उन्हाळ्यात असा शॉट सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात उरका. कॅमेरा उंच न्या: दीड मीटरवरून शेतातल्या माळ्यावर किंवा स्लॅबवर नेला, तरी नजर जमिनीच्या तापलेल्या थरातून कमी जाते. फोटो असेल तर शटर १/१००० च्या पुढे ठेवा आणि लागोपाठ दहा-पंधरा फ्रेम घ्या. लहर क्षणोक्षणी बदलते, त्यातली एखादी फ्रेम स्वच्छ मिळते. १/५० वर तीच लहर एकमेकींवर चढून सरसकट धूसर होते. शूटिंग गाडीच्या खिडकीतून असेल तर एसी बंद करा आणि सगळ्या काचा आधीच उघडा, नाहीतर आतली थंड हवा बाहेर पडताना लेन्ससमोरच लहर तयार करते.

सकाळी शार्प, दुपारी सगळी फ्रेम सॉफ्ट

हा दोष व्हिडिओवाल्यांचा आणि तो आपण स्वतः ओढवून घेतो. सेकंदाला २५ फ्रेमवर शटर १/५० ठेवायचं, ऊन कडक, फ्रेम पांढरी पडते, म्हणून अपर्चर बंद करत एफ/२२ वर न्यायचं. हिशेबही तसाच निघतो: कडक उन्हात आयएसओ १०० आणि १/१०० ला एफ/१६, म्हणजे १/५० ला एफ/२२.

पण छिद्र लहान झालं की त्याच्या कडेवरून प्रकाश पसरतो. याला विवर्तन म्हणतात. प्रत्येक बिंदूचा एक गोल ठिपका होतो. हिरव्या प्रकाशाला एफ/५.६ वर तो सुमारे ७.५ मायक्रॉनचा, एफ/८ वर ११ चा आणि एफ/२२ वर जवळपास ३० मायक्रॉनचा. २४ मेगापिक्सेल एपीएस-सी सेन्सरचा एक पिक्सेल ३.९ मायक्रॉनचा असतो. म्हणजे एफ/५.६ वर ठिपका दोन पिक्सेलांचा आणि एफ/२२ वर साडेसात पिक्सेलांचा. क्लोजअपमध्ये हे खपून जातं. वाइडमध्ये पानं आणि छपरावरच्या कवेलूंच्या ओळी मुळातच दोन-चार पिक्सेलांच्या असतात, त्या पुसल्या जातात.

‘जुने उस्ताद तर एफ/६४ वर काढायचे’ असा मुद्दा इथे हमखास येतो. १९३२ साली सॅन फ्रान्सिस्कोत ॲन्सेल ॲडम्स आणि एडवर्ड वेस्टन या छायाचित्रकारांच्या गटाने एफ/६४ हेच नाव घेतलं होतं, हे खरं. पण त्यांची निगेटिव्ह ८ बाय १० इंचांपर्यंत असायची आणि तिची प्रिंट फारशी मोठी करावी लागत नसे. नखाएवढ्या सेन्सरवरचं चित्र टीव्हीएवढं करताना तो आकडा उचलता येत नाही.

उपाय म्हणजे एनडी फिल्टर, उजेड कमी करणारी करडी काच. एफ/२२ वरून एफ/५.६ वर यायला चार स्टॉप लागतात, म्हणजे एनडी१६. लॉग प्रोफाइलमध्ये (नंतर ग्रेड करायच्या फिक्या चित्रात) आयएसओ ८०० च्या खाली जाता येत नसेल तर आणखी तीन स्टॉप, म्हणजे एनडी१२८. फिक्स्ड एनडी घ्या. स्वस्तातला व्हेरिएबल एनडी म्हणजे दोन पोलरायझर एकावर एक. रुंद लेन्सवर तो पूर्ण फिरवला की फ्रेममध्ये काळा फुलीसारखा डाग येतो, आणि काच सुमार असेल तर तीच सॉफ्ट करते. तपासायला एकच शॉट फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय घ्या. उजेड सारखा राहील असं शटर बदला, अपर्चर नको. फरक दिसला तर फिल्टर कपाटात ठेवा. फोटोसाठी तर प्रश्नच नाही, शटर वाढवा आणि एफ/५.६ ते एफ/८ वर राहा.

कोपरे सॉफ्ट, किंवा एकच बाजू सॉफ्ट

किट लेन्स १८ मिमीवर पूर्ण उघडी असताना चारही कोपरे थोडे सॉफ्ट येणं हा तिचा स्वभाव आहे. एफ/८ ला बरंच सुधारतं. एकच कोपरा किंवा एकच बाजू सॉफ्ट असेल तर आतली काच सरकली असण्याची शक्यता जास्त. बॅग दुचाकीवरून पडली असेल, किंवा बंडीतून खडकाळ वाटेने गेली असेल, तर आधी हाच संशय घ्या.

चाचणी भिंतीवर करू नका. भिंतीला कॅमेरा अचूक समांतर लावणं अवघड असतं, आणि थोडा तिरपा लागला की चांगली लेन्सही दोषी ठरते. अर्धा किलोमीटर किंवा त्याहून दूरचा मोबाइल टॉवर शोधा. ट्रायपॉडवर, सर्वात मोठ्या अपर्चरला, फ्रेमच्या मध्यभागी टॉवर ठेवून फोकस घ्या आणि लॉक करा. मग फक्त कॅमेरा वळवून टॉवर चारही कोपऱ्यांत आणा आणि प्रत्येकाचा फोटो घ्या. चारही सारखे असतील तर लेन्स सरळ आहे. एकच पिठासारखा आला तर लेन्स दुरुस्तीला; ती घरी उघडायची गोष्ट नाही. अजून एक फोटो घ्या: टॉवर कोपऱ्यात असतानाच त्यावर पुन्हा फोकस करा. आता कोपरा शार्प आणि मध्यभाग सॉफ्ट झाला, तर लेन्सचा फोकसचा पडदा वक्र आहे. अशा लेन्सवर मध्यापासून कोपऱ्याकडे तिसऱ्या हिश्शावर फोकस घेतला की दोन्ही बाजू सांभाळल्या जातात.

मोबाइलवर हाच प्रश्न ०.५ च्या लेन्सचा. तिचा सेन्सर लहान असतो आणि अनेक फोनमध्ये फोकस कायमचा बांधलेला असतो. शक्य तिथे मागे सरका आणि १ वर काढा.

झूमला शार्प, वाइडला सॉफ्ट

खांद्यावरच्या, लेन्स बदलता येणाऱ्या जुन्या ब्रॉडकास्ट कॅमेऱ्यांवर हे लक्षण दिसलं की दुसरं काही शोधू नका. बॅक फोकस हललेला आहे. लेन्स आणि सेन्सरमधलं अंतर केसभर बदललं की टेलेवर (पूर्ण झूमवर) ते कळत नाही, वाइडवर लगेच कळतं. उन्हाळ्यात गाडीत तापलेला कॅमेरा असेल, तर हे पुन्हा पुन्हा होतं. जुळवणी अशी:

१. चाकाच्या आऱ्यांसारखा काळा-पांढरा चार्ट सुमारे ३ मीटरवर लावा. आयरिस (अपर्चर) पूर्ण उघडा. उजेड जास्त झाला तर कॅमेऱ्यातला एनडी घाला, आयरिस बंद करू नका.
२. पूर्ण टेलेवर जा आणि पुढच्या रिंगने फोकस घ्या.
३. पूर्ण वाइडवर या. फोकस रिंगला हात न लावता लेन्सच्या मागची एफ.बी. (बॅक फोकसची) रिंग सैल करून चार्ट शार्प करा.
४. पुन्हा टेले, पुन्हा वाइड. दोन-तीन फेऱ्यांत दोन्हीकडे जुळतं. मग स्क्रू घट्ट करा.

मिररलेस आणि डीएसएलआरच्या झूम लेन्सला ही रिंग नसते. त्यांच्यावर ‘झूम करून फोकस घ्या, मग वाइडला या’ हा टीव्हीवाल्यांचा नियमही चालत नाही, कारण फोटोच्या बहुतेक झूम लेन्सवर झूम फिरवला की फोकस सरकतो. ज्या मिमीवर शॉट घ्यायचा, त्याच मिमीवर फोकस घ्या.

ॲडॅप्टर लावून जुनी लेन्स वापरत असाल तर एक हिशेब डोळ्यांसमोर ठेवा. ॲडॅप्टर ०.०५ मिमी, म्हणजे वहीच्या कागदाच्या जवळपास अर्ध्या जाडीने जास्त जाड निघाला, तर ८५ मिमी लेन्स १४४ मीटरपर्यंत फोकस करू शकते. कोणाच्या लक्षातही येत नाही. तेवढ्याच चुकीने १६ मिमी लेन्स ५ मीटरच्या पुढे फोकसच करत नाही. म्हणून एकाच ॲडॅप्टरवर पोर्ट्रेट सुरेख आणि वाइड सॉफ्ट येतो. रिंग शेवटापर्यंत फिरवूनही दूरचा दिवा बिंदू होत नसेल, तर ॲडॅप्टर बदला.

हलताना सॉफ्ट

फ्रेमच्या एका कडेची वस्तू दुसऱ्या कडेला जायला किमान ७ सेकंद लागावेत, हा पॅनचा जुना नियम. तो पाळला तरी ४केत प्रत्येक सेकंदाला सुमारे ५५० पिक्सेल सरकतात, आणि १/५० शटरमध्ये ११ पिक्सेलांचा पसारा होतोच. पॅन चालू असताना वाइड सॉफ्ट दिसणं हा दोष नाही. पॅनच्या आधी आणि नंतर तीन-चार सेकंद कॅमेरा थांबवा, शार्पनेस प्रेक्षकाला तिथे मिळतो.

स्थिर शॉटही सॉफ्ट असेल तर ट्रायपॉड बघा. पावसाळ्यात काळ्या मातीत पाय खचत राहतात, उन्हाळ्यात भेगेच्या कडेवर टेकलेला पाय कधीही सुटतो. तिन्ही पायांखाली चपटे दगड किंवा फळीचे तुकडे ठेवा, मधला दांडा खाली ठेवा, वारं असेल तर खाली बॅग टांगा. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद. हातात धरून अतिरुंद लेन्स वापरताना सेन्सर हलवणाऱ्या स्टॅबिलायझेशनमुळे मध्यभाग स्थिर आणि कोपरे लडबडलेले दिसतात, कारण तिथे चित्र ताणलेलं असतं. चालत शॉट घ्यायचा तर गिंबल (कॅमेरा तोलून धरणारं हँडल) बरा.

झाडीपट्टीच्या मंचाचा वाइड

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडे मंडईच्या हंगामात रात्रभराचं नाटक शूट करणाऱ्यांचं दुखणं वेगळं असतं. मागून, वीसेक मीटरवरून घेतलेला मंचाचा वाइड तैलरंगाने रंगवल्यासारखा येतो. चेहऱ्यावर त्वचा नाही, साडीच्या काठावर नक्षी नाही. हे फोकसने होत नाही. ‘सगळा मंच शार्प यावा’ म्हणून अपर्चर एफ/८ ला बंद केलेलं असतं, त्यामुळे आयएसओ १२८०० च्या वर जातो, आणि मग कॅमेऱ्याचं नॉइज रिडक्शन दाण्यांबरोबर तपशीलही पुसून टाकतं.

अपर्चर बंद करायची गरजच नाही. फुल फ्रेमवर ३५ मिमी, एफ/२.८, २० मीटरवर फोकस, तरी मंचाची सहा मीटर खोली ४केत एका पिक्सेलच्या आत शार्प राहते. एफ/८ वरून एफ/२.८ वर आलात की तीन स्टॉप मिळतात, आयएसओ १२८०० चा १६०० होतो. शटर १/५० ठेवा. नॉइज रिडक्शन कमीतकमीवर. नाटक सुरू होण्याआधी, मंचावर पूर्ण उजेड असताना मधल्या माइकच्या दांड्यावर फोकस घेऊन लॉक करा. ऑटोवर ठेवलं तर प्रवेश बदलताना अंधार झाला की फोकस भटकतो आणि पुढचा प्रवेश सुरू झाल्यावरही चार-पाच सेकंद परत येत नाही.

पहाटे दोन-तीननंतर चित्र हळूहळू धुरकट होऊ लागलं तर समोरच्या काचेवर दव आहे. हूड लावून ठेवा, कॅमेऱ्यावर जाड कापड टाका आणि दर अर्ध्या तासाने बॅटरीच्या उजेडात काच बघा. फुंकर मारू नका, श्वासातली वाफ भर घालते.

काच

समोरच्या काचेवर बोटाचा तेलकट ठसा असेल तर फ्रेम सॉफ्ट होते, विशेषतः ऊन समोरून असताना. जिनिंगजवळ शूटिंग असेल तर कापसाचं बारीक तूस काचेवर बसतं. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, आणि शेवटी मायक्रोफायबरवर लेन्स क्लीनरचे दोन थेंब, मध्यापासून बाहेर गोल. दुपट्ट्याने पुसू नका. त्यात अडकलेला धुळीचा कण कोटिंगवर ओरखडा पाडतो आणि तो कायमचा राहतो. सेन्सरवरच्या धुळीने मात्र सॉफ्टपणा येत नाही, तिचे काळे ठिपके येतात, तेही एफ/११ च्या पुढे.

पावसाळ्यानंतर बुरशी तपासा. लेन्सचं अपर्चर उघडून एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर ठेवा, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतं. ती कढई पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. एसी खोलीतून पावसाळी हवेत कॅमेरा काढताना बॅगची चेन अर्धा तास बंदच ठेवा.

कॉम्प्युटरवर शार्प, मोबाइलवर गेल्यावर सॉफ्ट

कापसाचं फुटलेलं वावर, धानाची बांधी, संत्र्याची बाग हे सगळं कॉम्प्रेशनला सर्वात जड जातं. प्रत्येक पान वेगळं हलतं, आणि बिटरेट (सेकंदाला मिळणारा डेटा) कमी पडला की कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबणारी पद्धत, आधी बारीक तपशीलच गाळतो. जुन्या डीएसएलआरचा फुल एचडी व्हिडिओ तर सेन्सरच्या ओळी गाळूनच बनतो, त्यात कवेलूंवर रंगीत लहरी येतात आणि वाइड जन्मतःच सॉफ्ट असतो. अशा कॅमेऱ्यावर वाइड कमी आणि मिड जास्त, हाच व्यवहारी मार्ग.

एडिटमध्ये शार्पन शेवटी करा, आकार बदलून झाल्यावर. वाइडसाठी रेडियस ०.५ ते ०.८. त्याहून मोठा केला की झाडांच्या शेंड्यांभोवती पांढरी रेघ उमटते. लॉगमध्ये शूट केलेलं चित्र सुरुवातीला सॉफ्टच दिसतं, ग्रेड झाल्यावरच निर्णय घ्या.

यूट्यूबसाठी फुल एचडी टाइमलाइन असली तरी एक्सपोर्ट २१६० वर मोठा करून ३५ ते ४५ एमबीपीएसला काढा. १०८० च्या अपलोडपेक्षा २१६० च्या अपलोडला तिकडे जास्त बिटरेट मिळतो आणि वावराचं पीठ होत नाही. अपलोड झाल्यावर लगेच बघून निराश होऊ नका, आधी कमी दर्जाची आवृत्ती तयार होते, ४केची नंतर येते. ग्राहकाला व्हॉट्सॲपवर पाठवताना गॅलरीतून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून फाइल जोडा, तरच ती जशीच्या तशी पोहोचते. गावात नेटवर्क अडत असेल तर पेनड्राइव्हमध्ये द्या आणि टीव्हीला लावून वाइड त्यांच्यासमोरच दाखवा.